सातवा गडी

भुताखेतांच्या गप्पा मला आवडत नाहीत. वर्गात मुली असलं काही बोलायला लागल्या की मी शिट्टी फुंकते. तरी हे तुम्हाला सांगते, कारण एकटीच्यानं सांभाळवत नाही आता.

निलंग्याजवळच्या आमच्या गावात कबड्डीचं जुनं मंडळ आहे. त्याची स्मरणिका काढायची ठरली. मी शाळेत खेळ शिकवते, अन् माझे आजोबा सटवाजी, आता हयात नाहीत, पहिल्या संघाचे कप्तान. म्हणून जुने खेळाडू शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. त्या संघाचा बासष्ट सालचा फोटो सापडला, नावांची वही सापडली. दोन्हींत गडी सहाच. संघात सात असतात, हे मला कुणी शिकवायला नको.

सातवा सांगितला तो नागुबाई आजींनी. नव्वदीच्या, दोन्ही डोळे गेलेले.

"माझा मालक व्हता. मारोती सोनकांबळे."

अंतिम सामन्याच्या सकाळी त्यांनी मारोतीच्या सुजलेल्या गुडघ्याला तेल-हळद लावली होती. सामन्यात तो बाद झाला अन् रेषेमागं जाऊन बसला. पुढं आपल्या गड्यानं समोरचा एक बाद केला. आता मारोतीला आत घ्यायचं, खेळाचा नियमच तो. पण बौद्धवाड्यातल्या माणसाशी अंगाला अंग लावायचं म्हणून बघणारे आधीपासून कुरकुरत होते, अन् कप्तानानं त्याला बोलावलंच नाही. सहा जणांनी सामना जिंकला. फोटोही सहा जणांचाच निघाला.

"दिवस मावळंपर्यंत बसून व्हता त्यो," आजी म्हणाल्या. "मरतानाबी इचारलं, बोलावणं आलं का... बाई, मी हाय तवर त्याचं नाव छापा."

आजोबांच्या खांद्यावर बसून वाढलेली मी. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची लाज वाटली.

मंडळाचे अध्यक्ष सिद्धेश्वरकाका म्हणाले, "वहीत न्हाई ते नाव कसं छापायचं?" मी वही काखोटीला मारली अन् जुन्या मैदानाचा फोटो काढायला निघाले.

रविवारची भर दुपार. कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. मैदानावर पोचले तर कुणीतरी दम धरून पुटपुटत होतं... कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मैदान तर मोकळं. मग वास आला, तेलात कालवलेल्या हळदीचा.

रेषेमागं एक माणूस मांडी घालून बसला होता. उघडा, चड्डी गुडघ्याच्या वर. उजवा गुडघा पिवळा. उन्हात माझी सावली पडली होती, त्याची नव्हती.

त्यानं मान वर केली.

"बोलावणं... आलं का?"

खरं सांगते, पळूनच जाणार होते. पण तो ज्या आशेनं बघत होता ना, ते बघून माझा जीव तुटला. साठ वर्षं माणूस एका हाकेसाठी बसलाय. आजोबांनी जे करायचं ते मीच केलं. शिट्टी ओठांना लावली, फुंकली.

"मारोती सोनकांबळे... आत या."

तो उठला. रेषेला हात लावून कपाळाला लावला अन् आत गेला. पुटपुटणं थांबलं.

त्याच्या जागी मात्र दुसरं कुणीतरी येऊन बसलं. डोक्यावर टोपी, मान खाली. ती मान मी ओळखते. हाक मारायला तोंड उघडलं, पण मारोतीला बाहेर बसवणाऱ्याला आत घ्यायचा हक्क माझा कुठला? शिट्टी खिशात टाकून मी निघाले.

घरी येऊन वहीत सातवं नाव माझ्या हातानं लिहिलं. काकांशी भांडून ते छापूनही घेतलं. टोपीवाल्याबद्दल मात्र कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

स्मरणिका घेऊन आजींकडे गेले, त्यांचं बोट धरून नावावर फिरवलं. त्या रडल्या, मग हसल्या. किती तरी वेळ बोट तिथंच होतं.

मग हळूच म्हणाल्या, "मारोती आत गेला, बरं झालं... पण बाई, तुमच्या आजोबाला किती दिवस बसवून ठेवू मी?"