मामाच्या ढिगाचा चंद्र

आमच्या विज्ञान संग्रहालयात मामा प्रतिकृती बनवायचा, मामी तिकीट खिडकीवर बसायची आणि मी आलेल्या पोरांना आकाश समजावून सांगायचे. त्यामुळे घरातलं भांडण कामावर आणि कामावरचं घरी न्यायला आम्हाला वेगळे कष्ट पडत नसत.

मामा निवृत्त झाला होता. मुलीनं समुद्राकाठच्या आपल्या घरात दोघांसाठी खोली रंगवून ठेवली होती. मामीनं बॅगा भरल्या, झाडांच्या कुंड्या शेजारी दिल्या. मामा मात्र हलायचं नाव घेईना.

"एवढं एक झालं की निघू," तो म्हणे.

एवढं एक म्हणजे मागच्या दालनातली फिरती तबकडी. तिच्यावर खड्यांचा ढीग, वर काचेचा घुमट, कडेनं रबरी पट्टी आणि घट्ट आवळलेले स्क्रू. छोटा लघुग्रह म्हणजे अखंड खडक नव्हे, सैल ढीगच असतो. उन्हाचा बारीक रेटा त्याला लाखो वर्षं लागत राहतो, गिरकी वाढते, आणि एक दिवस कमरेवरचे खडे सुटतात. सुटलेले एकमेकांना धरतात आणि ढिगाला स्वतःचा चंद्र होतो. देवाच्या घरी घाई नाही, पण वायाही काही जात नाही, असं मी पोरांना सांगत असे.

मामाला हे तबकडीवर घडवायचं होतं.

"मामा, इथं खाली पृथ्वी आहे," मी म्हणायचे. "तिच्या ओढीपुढे तुझ्या खड्यांचं कोण ऐकतंय?"

"तुझं पुस्तक पुरे. मोटर चालू कर."

मोटर चालू झाली की पत्र्यावर गारा पडाव्यात तसे खडे काचेवर आपटायचे, आणि मामी खिडकीतूनच ओरडायची, "झाला का चंद्र? की अजून कळाच चालल्यात?"

मामाची एक पद्धत होती. खडा कसा वळतो ते दिसावं म्हणून प्रत्येक खड्याची एक बाजू तो पांढरी रंगवायचा. दिवसभर पाठमोरा बसून रंगवायचा. मामी जेवायचा डबा त्याच्या पाठीमागे ठेवायची आणि पाठीशीच बोलायची. "लग्नात यांचं तोंड पाहिलं," ती मला म्हणाली, "तेव्हापासून पाठच बघतेय."

एका दुपारी तिचा धीर सुटला. तिकिटांवर ठेवायचा तिचा चपटा दगड घेऊन ती दालनात आली. लग्न ठरलं तेव्हा मामानं फुलांऐवजी दिलेला तो दगड.

"घ्या. हाही टाका तुमच्या ढिगात. तुमच्याकडून आलेलं तेवढंच राहिलं होतं."

मामा खूश झाला. माणसाला राग कळायलाही मान वर करावी लागते. त्यानं दगडाची एक बाजू पांढरी केली, वाळवली, आणि तो दगड ढिगाच्या कमरेला बसवला.

"एका दगडानं काय होतंय," असं मीच म्हणाले. मोटरही मीच चालू केली.

गिरकी वाढली. खडे सुटले. पण गारांचा आवाज आला नाही.

मामीचा दगड ढिगापासून वीतभर सरकला आणि तिथंच राहिला. बाकीचे खडे काचेकडे निघाले आणि वाटेत त्याला येऊन बिलगले. मुठीएवढा चेंडू झाला. तो ढिगाभोवती सावकाश फिरू लागला, पांढरी बाजू सतत ढिगाकडे.

मी मोटर बंद केली. तबकडी थांबली. चेंडू फिरतच राहिला.

माझी देवावर श्रद्धा आहे, तशी पाणसळीवरही आहे. मी पाणसळ लावली, तबकडी अगदी सपाट होती. लोहचुंबक फिरवलं. पंखे बंद केले. शेवटी नुसतेच हात जोडले.

"बघ, पुस्तकवाली," मामा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

पोरांची झुंबड उडाली. मी त्यांना सांगितलं, आता याचं दोनपैकी एक होणार. ऊन कसा रेटा देतं त्यावर आहे. एक तर हा लांब लांब जात सुटून जाईल, नाहीतर जवळ जवळ येत ढिगाला अलगद टेकेल. मग दोघं मिळून एकच, भुईमुगाच्या शेंगेसारखे. पोरं हसली.

मामी हसली नाही. "सुटू दे रे देवा," एवढंच म्हणाली.

चेंडू रोज थोडा बाहेर सरकत गेला. मामा घुमटाभोवती त्याच्यासोबत फिरायचा, आडवा, खेकड्यासारखा. काचेकडे पाठ म्हणून करायचा नाही. मग एका सकाळी खडे पुन्हा ढिगात होते. मामीचा दगड नव्हता. स्क्रू जसेच्या तसे, रबरी पट्टीवरची धूळही तशीच.

मामानं कोट घातला. "चला," म्हणाला.

घुमटाकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. टॅक्सीत बॅगा ठेवताना मामी गाडीच्या या बाजूनं त्या बाजूला गेली, आणि फाटकापाशी उभा मामा जागच्या जागी तिच्याबरोबर वळत गेला. मला हसू आलं. म्हटलं, सुचलं बाई एकदाचं.

परवा मामीचा फोन आला. मागं समुद्र ऐकू येत होता.

"अगं, तुझा मामा पार बदलला. मी घरात कुठंही जाऊ दे, तोंड माझ्याकडे. ओट्यापाशी गेले की खुर्ची तशी वळते."

"आणि झोपल्यावर?"

"झोपेतसुद्धा. मी पलंगाला वळसा घातला की डोळे मिटलेले असतानाच कूस बदलतात." ती लाजून हसली. "या वयात, सांग."

"तुझा दगड सापडला का गं?"

"यांच्या मुठीत आहे. सोडत नाहीत."

"मामी, मामा लांबून बघतो का?"

"पहिल्यांदा अंगणातून बघायचे. मग दारातून. रोज थोडे जवळ येतात. आता तर इतके जवळ आहेत की फोन दोघांच्या कानाला एकच पुरतोय."

तिच्या आवाजात इतकं सुख होतं की मला पुढचं विचारवेना.

"मामा?" मी हाक मारली.

"हं," उत्तर आलं.

आवाज एकच होता. दोघांपैकी कोणाचा, ते मला ओळखता आलं नाही.