पुष्पकांताबाईंचं राहिलेलं हसणं

राजूरला गेलो तो फक्त एका फोटोचं साल पक्कं करायला. विसरल्या गेलेल्या कलावंतांच्या नोंदी मी वर्षानुवर्षं ठेवतो आणि तपासल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. गणपतीच्या देवळामागे, पत्र्याच्या घरात पुष्पकांताबाई राहत होत्या. खरं नाव झुंबरबाई. काळ्या-पांढऱ्या चित्रपटांत त्या कधी नायिका झाल्या नाहीत. नायकाची बहीण व्हायच्या आणि मध्यंतराच्या आत मरायच्या. तसं मरणं दुसऱ्या कोणाला जमलं नाही. पापणीसुद्धा हलत नसे.

"माझं जगणं लिहून राह्यले का मरण?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही, बाई."

"मंग मरणच जास्त भरंल."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"आत्या हसतच न्हाई," चहा टाकायला उठत त्यांची भाची साधना म्हणाली. "मी तर कधी पाह्यलंच न्हाई."

ती अंगणातल्या चुलीकडे गेल्यावर बाई हळू आवाजात बोलू लागल्या. मरणाचा शॉट झाला की कलावंताने लगेच उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, आणि तेही चित्रित करायचं, म्हणजे मरण अंगाला चिकटत नाही, असा त्यांच्या कंपनीचा रिवाज होता. शेवटच्या चित्रपटात बाई तिरडीवर असतानाच उजेड गेला. कॅमेरा पेटीत गेला. हसणं राहिलं.

"तवापासून हसूच येईना, बाबा. तेवढं घ्या. मंग मी सुखानं जाईन."

मी मोबाइल धरला. "आधी चादर घेऊन पडा. मरण, मग हसणं. क्रम बरोबर पाहिजे."

"न्हाई... मरण दुसऱ्यांदा घेत नसतेत. नुसतं हसणं घ्या."

"माझ्यावर सोडा, बाई."

त्या खाटेवर पडल्या. चादर डोक्यावरून ओढली. भर दुपार, तापलेला पत्रा मधूनच कडकडत होता. तोही थांबला. ओल्या झेंडूचा वास कुठून तरी आला. चादरीखाली श्वास कळेना...

"आता उठा."

स्क्रीनवर चादर सरली. बाई उठून बसल्या आणि थेट माझ्याकडे बघून हसल्या. मोकळं, तरणंताठं हसू. मग जवळ आल्या. त्यांच्या लुगड्याने स्क्रीन भरून गेली आणि त्या बाजूने निघून गेल्या. मी समाधानाने बटण दाबलं आणि दाराकडे वळलो.

साधना धावतच आत आली. डोळ्यांत पाणी.

"काय जादू केली हो तुम्ही! आत्या हसत बाहेर गेली... शेजारणीला हाका मारून राह्यली!"

अंगणातून ते हसू मलाही ऐकू येत होतं.

"क्रम बरोबर असला की सगळं जमतं," मी म्हणालो.

पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. माझ्या खांद्यावरून ती मागे बघत होती.

"मंग... खाटंवर कोण हे?"

चादर डोक्यापासून पायापर्यंत जशीच्या तशी ताणलेली होती. खाली कोणीतरी निजलेलं होतं. आणि छातीपाशी ती चादर, अगदी सावकाश, वर-खाली होऊ लागली होती.