सहा नावं, सात फायली

बारामतीच्या एस. टी. स्टँडमागं, सायकलच्या दुकानावरच्या माडीत महिपती देवकात्यांचं ऑफिस होतं. पोलिसांच्या बिनतारी विभागात बावीस वर्षं काढून त्यांनी 'खाजगी तपास' अशी पाटी लावली, तेव्हा लोक तोंडावर हसले. मग दोन चोऱ्या आणि एक पळालेला नवरदेव त्यांनी हुडकून काढला, तसे हसणारे वाट वाकडी करून भेटायला येऊ लागले.

समोरच्या खुर्चीत रोज न चुकता बसायचे ते दत्तोबा गावडे, निवृत्त कंडक्टर. तपासात आपला उपयोग काय, हे दत्तोबांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. पण महिपती निघाले की तेही पिशवी उचलून निघायचे, आणि आजवर कुणी त्यांना 'तुम्ही थांबा' म्हटलं नव्हतं.

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी जिन्यात चपला वाजल्या आणि तिशीची एक बाई दारात येऊन उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"मी सारजा कोकरे. इंदापूरला कॉम्प्युटर क्लासात शिकवते," ती म्हणाली. "मालकांनी मला सगळ्या बॅचसमोर चोर ठरवलंय."

महिपतींनी तिला बसवलं, पाणी दिलं. दत्तोबांनी आपली खुर्ची थोडी पुढं ओढली.

हकीकत अशी होती. समाजाच्या वधूवर मेळाव्याची पुस्तिका छापायची होती. चारशे बारा मुलामुलींची माहिती सारजानं दोन महिने खपून मशीनवर भरली होती. अष्टमीच्या संध्याकाळी तिनं ती फाइल ठेवली, मशीन बंद केलं आणि नरसिंहपूरला माहेरी गेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर फाइल गायब.

"मालक, आप्पासाहेब म्हणाले, दुसऱ्या क्लासवाल्यानं तुला फोडली. उद्या संध्याकाळी फाइल छापखान्यात गेली न्हाय तर पोलिसात नाव देतो." सारजानं पेला खाली ठेवला. "इंदापूर ते केवढं, साहेब. एकदा हा शिक्का बसला की मला मशीनला हात कोण लावू देणार?"

"फ्लॉपीवर दुसरी प्रत?"

"होती. खंडेनवमीला फ्लॉपीचीबी पूजा झाली. आत हळदीकुंकू गेलं. आता नुसती करकरतीय."

दत्तोबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"फाइल गेल्यावर मशीनवर कुणी काही केलं?"

"न्हाय. मालकांनी लगेच मशीनला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या खिशात."

"झालं ते बरंच झालं," महिपती म्हणाले. "आणि आमचं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गोजरकाकूंनी. मालकांच्या मंडळी. म्हणल्या, आजच्या आज बारामती गाठ, गाडीभाडं मी देते."

महिपतींनी एवढं एकच वाक्य वहीत लिहिलं आणि चपला घातल्या.

दुपारी दीडच्या सुमाराला तिघं इंदापुरात उतरले. आप्पासाहेब मारकडांचा क्लास त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर होता. एका खोलीत दोन मशिनं, त्यातलं मोठं पुस्तिकेच्या कामाचं. भिंतीवर सारजाच्या वळणदार अक्षरात एक तक्ता चिकटवला होता, 'रोजच्या उपयोगाच्या युक्त्या'. दत्तोबा बोट ठेवून वाचू लागले. यादी पळत असली तर DIR पुढं /P लावा, पानापानाला थांबते. आधीची आज्ञा परत हवी तर F3. चुकून पुसलेली फाइल UNDELETE नं मिळते. नाव बदलायला REN. शेवटची ओळ होती: गंमत म्हणून, Alt दाबून उजवीकडच्या आकड्यांत २५५ मारा, न दिसणारं अक्षर उमटतं.

"न दिसणारं अक्षर कशाला पायजे माणसाला?" दत्तोबा पुटपुटले.

आप्पासाहेब वर आले. घसा खाकरूनच बोलायची सवय असलेला माणूस. त्यांच्यामागून मेळावा समितीचे चिटणीस तात्याबा वाघमोडे आले.

"किल्ली देतो," आप्पासाहेब म्हणाले, "पण हिनं पुसलीय ते पुसलीयच. शेवटचा हात हिचाच."

"खंडेनवमीला इथं काय काय झालं?"

"पूजा, दुसरं काय? मशीन चालू करून पूजा केली. मी नारळ फोडला, फुलं वाहिली. हळदीकुंकू आमच्या मंडळींनी लावलं. मग मी आन तात्याबा खाली ट्रॅक्टरच्या पूजेला गेलो."

"तोवर इथं कोण होतं?"

"कोन न्हाय. मंडळी तेवढी आवरत हुती. तिला त्यातलं काय कळतंय?"

महिपती तात्याबांकडं वळले. "सारजाबाई गाडीत सांगत होत्या, तुमचं त्यांच्याशी वाजलं होतं."

तात्याबा चपापले. "वाजायचं काय त्यात? पुतण्याचं वय एकतीसचं सव्वीस लिव म्हणलं, ही लिवंना. पन मला मशीनचं बटनबी ठावं न्हाय, साहेब. आन फाइल गेली तर माझाच मेळावा बसतोय की." ते आप्पासाहेबांकडं बघून सावरले. "यांनी सोताच्या लेकीचं नाव दिलंय त्यात. राजनंदिनी, बारामतीला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हाय."

मागं कपबशा खणकन वाजल्या. चहाचा ट्रे घेऊन गोजरबाई दारात आल्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि पदरानं सांडलेला चहा टिपला.

महिपती मशीनपुढं बसले. कीबोर्डवर हळदीकुंकवाचा सडा बघून दत्तोबांनी रुमाल काढला. महिपतींनी त्यांचं मनगट धरलं.

"पुसू नका, दत्तोबा. आधी बघा."

दत्तोबांनी बघितलं. अक्षरांच्या कळा सगळ्या लाल-पिवळ्या झाल्या होत्या. उजवीकडचे आकडे स्वच्छ होते. तिथल्या दोन आणि पाच या कळांवर तेवढी हळद होती. पूजेत उडाली असंल, असं दत्तोबांना वाटलं.

महिपतींनी DIR मारलं. पडद्यावर ओळीच ओळी सरसर वर पळाल्या, एक म्हणून वाचता येईना.

"पळालं का समदं?" गोजरबाई कप पुढं करत म्हणाल्या. "थांबवायचं की."

महिपतींनी मान न वळवता /P लावून परत बघितलं. त्यात काही नव्हतं. मग ज्या डी ड्राइव्हवर सारजानं फाइल ठेवली होती, तो उघडला. यादी छोटी होती. दत्तोबांनी सवयीनं डोकी मोजली. गाडीत चढल्यावर माणसं मोजायची, मग तिकिटं, हे त्यांनी तीस वर्षं केलं होतं.

"नावं सहा," ते म्हणाले. "खाली मशीन सात फायली म्हणतंय. कुणीतरी इनातिकिट बसलंय." आणि स्वतःच्याच विनोदावर हसून गप्प झाले.

महिपतींनी UNDELETE चालवलं. पुसलेली एकही फाइल या ड्राइव्हवर नाही, असं उत्तर आलं.

सारजानं डोळ्याला पदर लावला. "म्हणजे परत मिळण्यासारखं काहीच न्हाय?"

"उलट," महिपती खुर्ची फिरवत म्हणाले, "तुमची फाइल जशीच्या तशी आहे. सगळे बसा."

आप्पासाहेबांनी खुर्ची घेतली. गोजरबाई भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या.

"फाइल पुसली की मशीन तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडतं. माल जागेवरच असतो, आणि UNDELETE ला ती खूण दिसते. इथं खूणच नाही. म्हणजे फाइल कुणी पुसली नाही. मग गेली कुठं? उत्तर दत्तोबांनी दिलं. नावं सहा, फायली सात."

दत्तोबांनी आजूबाजूला बघितलं. उत्तर आपण कधी दिलं, ते त्यांना आठवेना.

"सातवीला नाव आहे, पण ते दिसत नाही. कुणीतरी REN नं तिचं नाव बदललं आणि नव्या नावाच्या जागी न दिसणारं अक्षर ठेवलं. ते कसं उमटवायचं, ते या भिंतीवर लिहिलंय. दोन, पाच, पाच. आणि आकड्यांत हळद आहे ती दोनवर आणि पाचवर."

आप्पासाहेब सारजाकडं वळले. "तक्ता हिचाच की मग."

"तक्ता यांचा, हळद नाही. अष्टमीला हळद कुठली? हळद आली नवमीला, आणि त्या दिवशी सारजाबाई नरसिंहपुरात होत्या. तुम्ही नारळ आणि फुलं हाताळलीत, तात्याबा तुमच्याबरोबर खाली गेले. चालू मशीनपाशी मागं राहिलं ते हळदीच्या हाताचं एकच माणूस."

तात्याबांनी कप खाली ठेवला.

"वहिनी," महिपती हळू आवाजात म्हणाले, "ज्याला मशीन कळत नाही, त्याला पळणारी यादी थांबवता येते हे ठाऊक नसतं. आणि सारजाबाईंना माझ्याकडं तुम्हीच पाठवलंत. तुम्हाला फाइल परत आणायची होती, पण मशीनला कुलूप पडलं. ते उघडायला कुणीतरी बाहेरचा माणूस लागणार होता."

गोजरबाई जमिनीकडं बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"दुपारच्या बॅचला मागं बसून शिकले मी. सातवी झालीय माझी," त्या म्हणाल्या. "पोरीला शिकायचंय. न इचारता तिचं नाव घातलं यांनी. मला तिचं एकटीचं नाव काढायला येईना, म्हणून समदीच फाइल दडवली. लोकांच्या पोरींचं नुकसान नको हुतं मला, म्हणून पुसली न्हाय. पुस्तक हुकलं की परत ठेवणार हुते. सारजावर आळ येईल हे मनातबी आलं न्हाय. आला तवा यांच्यापुढं तोंड उघडंना माझं."

"मला सांगायचं की," आप्पासाहेब म्हणाले. घसा खाकरायचं ते विसरले होते.

"सांगितलं हुतं. तीनदा."

महिपतींनी Alt दाबून धरला, दोन-पाच-पाच मारलं आणि नाव पूर्वीचं केलं. यादीत सातवं नाव आलं. ते उठले, आणि सारजानं त्यांच्या खुर्चीत बसून फाइल उघडली. पहिलं पान, दुसरं पान, शेवटचं पान. चारशे बाराच्या चारशे बारा नोंदी जागेवर होत्या. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती मोकळी होऊन रडली. दत्तोबांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

आप्पासाहेब उठले. "सारजा, माझं चुकलं. उद्या सकाळच्या बॅचला, ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच सांगतो."

"दुपारच्या बॅचलाबी," सारजा डोळे पुसत म्हणाली. "तितंवर गेलंय ते."

"दोन्हीला सांगतो." ते बायकोकडं वळले. पडद्याकडं बोट केलं. "पोरीचं नाव काढा त्यातनं. छापखान्यात उद्या जायचंय."

सारजानं कळांकडं हात नेला, आणि थांबली. गोजरबाई अजून भिंतीलाच टेकून होत्या.

"सारजा, माझ्यापायी तुला..." त्या म्हणाल्या.

सारजा खुर्चीवरून उठली आणि खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"बसा काकू. एकच नाव कसं काढायचं, ते शिकवते."