लिहून न घेतलेले आकडे

रविवारी दुपारी चारच्या सुमारास बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "अरे, त्या गेमचा आवाज जरा कमी कर ना." एवढंच काम. सुरुवात कुठून झाली म्हणून विचारता, तर तिथून झाली.

टीव्हीखालच्या मशीनवर तिचा फुटबॉलचा गेम अर्ध्यात थांबवलेला होता. दोन्ही हातांत धरायचा तो त्याचा रिमोट मी उचलला. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. आवाजाऐवजी भलतंच पान उघडलं. मैदान मागे धूसर झालं, प्रेक्षकांचा गलका भिंतीपलीकडून यावा तसा दबला, आणि पडद्यावर दोन रांगा आल्या. डावीकडे ‘तुमचा संघ’, उजवीकडे ‘समोरचा संघ’. पळण्याचा वेग, पासची अचूकता, फटक्यातली चूक, गोलकीपरची चपळाई, असं बरंच काही. प्रत्येकापुढे एक आडवी पट्टी, पट्टीवर सरकणारा ठिपका, शेजारी शून्य ते शंभरमधला आकडा. सगळ्यात वर, ही जुळणी ज्या नावानं जपून ठेवली होती ते नाव होतं. ‘आपलं’.

लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. माझं पहिलं, तिचं दुसरं. या ‘आपलं’मध्ये मी नव्हतो, हे कळायला फार डोकं लागत नाही.

मी वजनकाटे जुळवतो. दुकानातले, दवाखान्यातले, ज्यावर ट्रक उभा राहतो तेसुद्धा. आमच्या कामात एक नियम आहे. काट्याला हात लावण्याआधी तो काय दाखवतोय ते वहीत उतरवायचं, मगच स्क्रू फिरवायचा. ज्या उस्तादांकडे मी शिकलो ते म्हणायचे, न लिहिता हात लावलास तर पुढचा सगळा बिघाड तुझा. वीस वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नव्हता. त्यामुळे त्या पट्ट्या पाहून मला लगेच कळलं, हे कुणी उगाच सरकवलेलं नाही. उगाच सरकवणारा पन्नासवर ठेवतो, नाहीतर सत्तरवर. इथे एकेचाळीस होतं, त्रेसष्ट होतं, अठ्ठावीस होतं. एकेक घर मागे-पुढे करून, तपासून आणलेले आकडे. कुणीतरी इथे तासन् तास बसलं होतं.

संध्याकाळी मेहुणी आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ते होय, ते भाऊजींनी केलंय," ती म्हणाली, आणि जीभ चावली. "म्हणजे... त्या भाऊजींनी."

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या ताईच्या उजव्या हाताची दोन बोटं कॉलेजात असताना गाडीच्या दारात चेंगरली होती. वाकतात, पण जोर नाही. गेममध्ये पळायचं बटण नेमकं त्याच बोटांखाली येतं. "सारखी हरायची आणि तोंड पाडून बसायची. मग त्यांनी सहा रविवार बसून सगळं तिच्या बोटांप्रमाणे लावलं. समोरचा गोलकीपर ताईच्या फटक्याला किंचित उशिरा उडी मारतो, बघितलंत का? पण इतका किंचित, की आपल्याला कुणी मुद्दाम जिंकू देतंय असं तिला वाटू नये."

मेहुणी कौतुकानं सांगत होती. मला हातातला चहा कडू लागला. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये, एवढं मलाही कळतं. पाच वर्षांपूर्वी तो ऑफिसच्या जिन्यात छातीला हात लावून खाली बसला आणि उठलाच नाही. त्याच्यावर कसला राग धरायचा? पण मला राग होता. दीड वर्षात मला तिच्या चपलेचं माप कळलं होतं, चहात साखर किती ते कळलं होतं. आणि या माणसाला तिच्या बोटांतला जोर आकड्यांत माहीत होता. मोजमाप हा माझा धंदा आहे हो. त्याचा नव्हता.

पंधरा दिवसांनी थंडी पडली. थंडीत तिची ती बोटं सुजतात, आणि घरभर मलमाचा उग्र वास भरून राहतो. रविवारी ती खेळायला बसली, मी शेजारी पेपर वाचत होतो. ती जिंकली. रिमोट खाली ठेवून तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. असं ती आपणहून कधी करत नसे.

"तू सेटिंग बदललंस ना?"

"कसलं?"

"कळतं मला. आज अजिबात दुखलं नाही. बोटं सुजलीत म्हणून तू सगळं हळू केलंस."

मी कशालाही हात लावला नव्हता. पण तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि ते तिथेच राहावं असं मला फार वाटत होतं.

"हो," मी म्हणालो.

ती फोनवर बोलायला आत गेली तसं मी ते पान उघडलं. बाकीचे आकडे नसतील, पण वेगाचा आकडा मला पक्का आठवत होता. एकेचाळीस. आता तिथे छत्तीस होते.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी वेग सत्तरवर नेऊन ठेवला, मशीन बंद केलं, त्याची वायर भिंतीतून उपसली आणि ती वायर खिशात कोंबून कामाला गेलो. दिवसभर खिशात हात घालून चाचपत होतो. लोकांना वाटलं असेल, पाकीट हरवलंय. संध्याकाळी तिच्या आधी घरी येऊन वायर जोडली, पान उघडलं.

पस्तीस.

घाबरलो ना, का नाही घाबरणार? पण खरं सांगतो, भीतीच्या खाली आणखी काहीतरी जळत होतं. पस्तीस बरोबर होते. त्या दिवशी थंडी आदल्या दिवसापेक्षा जास्त होती.

मग दर रविवारी तेच. ती जिंकायची, माझ्याकडे वळून हसायची, माझा हात हातात घ्यायची. बहिणीला फोनवर सांगायची, "याला माझ्या बोटांचं सगळं कळतं गं." मी ऐकायचो आणि मान डोलवायचो. पार्सल माझ्या हातात आणि त्यावर नाव दुसऱ्याचं, अशी माझी गत झाली होती. ती जितकी जवळ येत होती तितका मी आतून तडफडत होतो. नवऱ्याला बायकोचं प्रेम मिळावं आणि तेच त्याला खुपावं, यासारखी फजिती नाही.

एका शनिवारी मी ‘आपलं’ पुसून टाकलं. सगळं मुळात होतं तसं करायचं का, असं मशीननं विचारलं, मी हो केलं. सगळे ठिपके एकदम पन्नासवर जाऊन उभे राहिले, कवायतीला उभे राहतात तसे. आणि आधीचे आकडे मी लिहून घेतले नव्हते. वही समोर होती, पेन्सिल खिशात होती. पण ते आकडे माझ्या वहीत माझ्या अक्षरात उतरवायचे म्हणजे त्याचं काम मान्य करायचं. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

रविवारी ती शून्य-सहा अशी हरली. तिसऱ्या गोलनंतरच उजवा हात काखेत दाबून बसली होती.

"काय केलंस?"

"जरा... बदलून बघितलं."

"परत आधीसारखं लाव ना. तुला येतं."

मी दोन आठवडे लावत होतो. कामावरचा छोटा काटा घरी आणला, तिला बोटांनी तो दाबायला लावला, जोर ग्रॅममध्ये मोजला, कागदावर गणितं मांडली. सोपी लेव्हल ठेवली तर समोरचा संघ खुळ्यासारखा बघत उभा राहायचा आणि तिचा चेहरा पडायचा. जरा अवघड केली की हात दुखायचा. रोज सकाळी उठून मी आधी ते पान बघायचो. रात्रीत कुणी काही सुधारलंय का? नाही. ठिपके मी सोडले तिथेच असायचे. मला हवं होतं तेच झालं होतं, घरात मी एकटाच पुरुष उरलो होतो.

त्यानंतरच्या रविवारी तिनं मशीनला हातच लावला नाही. भांडली नाही, रडली नाही.

"एक सांगू?" ती म्हणाली. "लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं, आपण एका घरातले दोन चांगले भाडेकरू आहोत. तू ते लावलंस तेव्हा पहिल्यांदा वाटलं, याला मी दिसते. आता कळत नाही, तेव्हाचं खरं का हे खरं."

मग ती आठवडाभर बहिणीकडे राहायला म्हणून गेली. बॅगेत कपडे आठवड्याच्या मानानं फार होते. तिच्या मलमाची डबीसुद्धा तिनं आठवणीनं घेतली.

बुधवारी मी कामावर गेलो नाही. थंडी एव्हाना ओसरली होती. दुपारी टीव्हीवर उन्हाची तिरीप येते, म्हणून पडदे ओढून घेतले. खोलीत करडा अंधार झाला. मशीनचा पंखा घरघरत होता. मी ते पान उघडलं आणि रिमोट समोरच्या टेबलावर ठेवला, माझा हात पोचणार नाही इतका लांब. वही मांडीवर घेतली.

"सांग," मी म्हणालो. रिकाम्या घरात स्वतःचा आवाज ऐकून मला लाज वाटली. "मला जमत नाही... ती जाईल. तू सांग, मी लिहून घेतो."

काही झालं नाही. पंख्याची घरघर. आणि मागच्या धूसर मैदानातला तो गलका, जो गेम चालू असताना कधीच थांबत नाही... तो थांबला. हजारो माणसांनी एकदम श्वास रोखून धरला. मग वास आला. मलमाचा. डबी घरात नव्हती.

पहिला ठिपका हलला.

अगदी सावकाश. पन्नास... एकोणपन्नास... अठ्ठेचाळीस. एकेचाळीसला येऊन थांबला. मग एक घर पुढे गेला, बेचाळीस. तिथे थोडा वेळ... आणि परत एकेचाळीस. मी शहारलो ते त्याच्या हलण्यानं नाही. एक घर पुढे जाऊन खात्री करून मागे यायचं, ही आमच्या कामाची पद्धत आहे. नीट जुळवणारा प्रत्येक माणूस असंच करतो. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल आदर वाटला, आणि त्या आदराचाच सगळ्यात जास्त राग आला.

दुसरा ठिपका. तिसरा. मी लिहीत गेलो. एकही आकडा चुकवला नाही. सगळ्यात शेवटी गोलकीपर. त्याच्यापाशी तो फार वेळ घोटाळला. मग चौकट आली. जपून ठेवायचं का, हो की नाही. ‘हो’ उजळलं, आणि तसंच उजळत राहिलं. दाबलं मात्र गेलं नाही.

मी थांबलो. तोही थांबला होता. पंख्याची घरघरसुद्धा आता ऐकू येत नव्हती. हळूहळू मला कळलं की तो मला विचारतोय... घरात यायच्या आधी विचारतात तसं. मी उठलो, रिमोट घेतला आणि बटण दाबलं. मैदानातला गलका पुन्हा सुरू झाला.

‘लागलं,’ एवढाच निरोप मी तिला पाठवला. रविवारी ती बॅग घेऊन परत आली. चप्पल काढली ती थेट टीव्हीसमोर बसली. शेवटच्या मिनिटाला गोल करून तीन-दोन अशी जिंकली, आणि तोंडावर हात ठेवून किती वेळ हसत राहिली. "मी उगाच काहीबाही बोलले," ती म्हणाली. "मनावर घेऊ नकोस."

मी चहा करायला आत गेलो. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. सगळे आकडे आता वहीत होते, माझ्या अक्षरात. पुढच्या थंडीत पाच घरं मागे घ्यायची, एवढंही मला माहीत होतं. म्हणजे आता त्याचं इथे काही काम नव्हतं. गॅससमोर उभा राहून मी चक्क शीळ घातली. दोन कप ट्रेमध्ये ठेवले आणि बाहेर आलो.

ती सोफ्यावर मागे टेकून, डोळे मिटून बसली होती. उजवा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर, तळवा वर करून पसरलेला.

"जरा हळू," ती म्हणाली. मला वाटलं, कप वाजतायत म्हणून. "हां... आता बरोबर. तिथेच."

तिच्या पहिल्या बोटाची कातडी पांढरी पडत होती, दाबल्यावर पडते तशी. मग पुन्हा लाल होत होती. मग मधल्या बोटाची. टोकापासून मुळाकडे, एकेक पेर, अगदी सावकाश... एक पेर पुढे, आणि परत मागे. सोफ्याच्या त्या बाजूची गादी खोल दबली होती.

मी दारातच उभा राहिलो.

"आज अंगठी काढून ठेवलीस वाटतं," ती डोळे न उघडता म्हणाली.

माझी अंगठी माझ्या बोटात होती. माझे दोन्ही हात ट्रेला होते.

"राहू दे," ती म्हणाली, आणि तिची बोटं कशाभोवती तरी अलगद मिटली. "असंच बरं. रोज टोचायची."