अकरावा पंच

बुधवारी सकाळी बायडाबाईंनी देवापुढं निरांजन लावलं, हात जोडले, आणि डोळे उघडले तेव्हा दारात शिपाई उभा होता.

"बाई, चला. पंच उतरल्यात त्या उताऱ्यावर माणूस मेलाय. फौजदारांनी बलावलंय."

"मेलेल्याला माझं काय काम?"

"मेलेल्याला न्हाय. एका बाईची झडती घ्यायची हाय."

बायडाबाई चौदा वर्षं तुरुंगातल्या बायकांच्या कोठडीवर पहाऱ्याला होत्या. बाईमाणसाची झडती घ्यायची असली की कोल्हापुरातला कुठलाही फौजदार त्यांनाच बोलवी. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि निघाल्या. वाटेत बाळासो इनामदारांचा बंगला लागला. कुंपणाला धरून लाल कर्दळ माजली होती. बंगल्यापुढं इतक्या सकाळी मांडव घालायचं काम चाललं होतं.

महाराज गादीवर येऊन सव्वीस वर्षं झाली होती. दिल्लीला नवी थोरली सभा भरायची होती आणि त्या सभेवर संस्थानातून एकच माणूस जायचा होता. तो निवडायला तालुक्या-पेट्यांतून अकरा पंच कोल्हापुरात आणले होते. उभे होते दोघं, एक बाळासो इनामदार आणि एक शहरातले वकील. पाच पंच इनामदारांकडं, पाच वकिलांकडं, हे चहाच्या हाटेलातल्या पोऱ्यालाही ठाऊक होतं. अकरावा पंच गारगोटीकडचा आकाराम पाटील. तो कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज दुपारी बारा वाजता मतं व्हायची होती.

मेला होता तो आकारामच.

खोलीत घोंगडीवर तो कुशीवर पडला होता. ओठ निळे, मुठी आवळलेल्या. उशाशी दुधाचा पितळी पेला, रिकामा. कोपऱ्यात शिदोरीचं फडकं सोडलेलं. त्यात सात-आठ दशम्या, पळसाच्या वाळक्या पानात गुळाचा खडा, आणि कर्दळीच्या पानाला लागलेली थोडी काळी चटणी. कर्दळीचं पान हिरवंगार होतं.

फौजदार गणपतराव मिशीवरून हात फिरवत उभे होते.

"सरळ मामला हाय, बाई. पेल्यात वीख. दूध आणलं लालासाब गाडीवानानं. त्योच पाटलाला गारगोटीहून घिऊन आलाय. खाली छपरात बायकोसंगं उतरलाय. बायकोपाशी पुडी सापडती का बघा."

"गाडीवानाला पाटील मारून काय मिळणार होतं?"

"वकिलाची भाड्याची गाडी हाकतो त्यो. पाटील इनामदाराला मत देणार, असं वकिलाला कळलं असंल."

बायडाबाई प्रेतापाशी बसल्या. प्रेताच्या उपरण्याच्या टोकाला एक फुगीर गाठ होती. त्यांनी ती सोडली. आत दोन पेढे, चार खारका, खडीसाखरेचे खडे, एक बेसनाचा लाडू. एका पेढ्याला बुरशी आली होती.

"हे कुणी दिलं?"

"दोन्हीकडनं येतंय की चार दिस. पंच म्हंजे जावई झाल्यात सध्या. खाऊन उरलेलं असंल."

"उरलेलं न्हवं, साहेब. सगळं अख्खं हाय."

फौजदारांनी तिकडं बघितलंही नाही.

खाली छपरात लालासाबची बायको चाँदबी भिंतीला टेकून बसली होती. बायडाबाईंनी तिची झडती घेतली. कनवटीला दोन आणे आणि एक ताईत, एवढंच निघालं.

"आक्का," चाँदबी म्हणाली, "माझ्या माणसाला बेड्या घालून नेलं. ते आन आकारामदादा ल्हानपणापासनं एका ताटात जेवलेले. गंगावेशीत म्हस पिळत्यात तिथनं सांजचं धारोष्ण दूध आणलं, दादाला आवडतं म्हणून. त्याला फाशी देतील व्हय?"

"दूध तू बघितलंस?"

"अर्धं मी प्यायले, अर्धं वर नेलं. मी मेले का?"

"हे फौजदारांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, नवऱ्यासाठी कुणीबी आसंच बोलंल."

बायडाबाई मागच्या अंगाला गेल्या. आकारामच्या खिडकीखाली भिंतीवर पांढरट ओघळ वाळला होता आणि खाली दगडावर मुंग्यांची रांग लागली होती. एक जाडा बोका तो दगड चाटत होता. उताऱ्याचा झाडूवाला म्हणाला, "रातीपास्नं हितंच हाय ह्यो. कुणी तरी दूध सांडलंय. मजा हाय ल्येकाची."

बोका ठणठणीत होता.

वर आल्या तेव्हा मेलेल्याचा धाकटा भाऊ सयाजी फौजदारांपुढं उभा होता. तिशीचा गडी, डोळे लाल.

"कवा आलास कोल्हापुरात?" फौजदारांनी विचारलं.

"काल सांजचं. सोमवारी सकाळी चालत निघालो, वाटंत मुक्काम केला. दादाची पयली शिदोरी सरली आसंल म्हणून वैनीनं दुसरी दिली."

"राती कुठं होतास?"

"शिदोरी दिली आन आंबाबाईच्या देवळात जाऊन वळचणीला झोपलो. हितं पंचांबिगर कुणाला झोपू देत न्हाईत."

"दूध कवा बघितलंस?"

"मी बसलोतो तवाच लालासाब घिऊन आला. दादा माझ्या डोळ्यांदेखत पेला तोंडाला लावून प्याला, साहेब. मला काय ठावं त्यात काळ हाय म्हणून!" तो कपाळ बडवून घेऊ लागला.

बायडाबाईंनी हळू आवाजात विचारलं, "शिदोरीत काय काय होतं रं, बाबा?"

"दशम्या, गूळ, चटणी. वैनीनं बांधली तशी आणली."

"चटणी कशाची?"

"कारळ्याची."

फौजदार वैतागले. "बाई, सैपाक मागनं शिका. तुमचं काम झालं, जावा."

जाताना बायडाबाईंनी कर्दळीचं पान चटणीसकट रुमालात बांधून घेतलं. दवाखान्याच्या डॉक्टरांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पेला तुम्हाला फौजदार देतील. हे माझ्याकडनं तपासा."

बारा वाजता मतं झाली. दिल्लीहून ठरून आलेली तारीख पुढं ढकलता येत नव्हती. मत वहीत नाव घेऊन, तोंडानं द्यायचं होतं. पाच इनामदार. पाच वकील. मग कारकुनानं नियम वाचला. पंच मयत झाल्यास त्याच घरातल्या कर्त्या पुरुषानं त्याच्या जागी मत द्यावं.

आकारामला मूल नव्हतं. सयाजी पुढं आला. भावाच्या सुतकातला, उघड्या डोक्याचा.

"आकाराम पाटलाच्या घरचं मत?"

"बाळासो इनामदार."

बाहेर ताशा वाजायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकारामची बायको बनाबाई आली. निरोप मिळाल्यापासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. प्रेताला अग्नी आदल्या संध्याकाळीच दिला होता. तोंड बघायला मिळालं नाही. फौजदारांनी तिची जबानी घ्यायला बायडाबाईंना बसवलं. दोघी तुरुंगाच्या ओटीवर बसल्या.

"बाई गं, रडून घे आधी."

"रडू येत न्हाय, आक्का. इचारा काय ते."

"शिदोरीत काय बांधलं होतंस?"

"धा दशम्या आन गूळ."

"चटणी?"

"न्हाय. गूळ-दशमीच खायचे ते परगावी. आन कारळं तर शिमग्यालाच सरली आमची."

"गूळ कशात बांधलास?"

"पळसाच्या पानात. रानातलंच की."

बायडाबाई जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या धन्याच्या उपरण्यात लोकांनी दिलेला खाऊ गाठ मारून ठेवलेला सापडला. एकपण तुकडा मोडला न्हवता. का गं?"

बनाबाईनं पदर तोंडाला लावला.

"मत टाकस्तवर दुसऱ्याच्या हातचं अन्न न्हाय, आसं धरलंवतं त्यांनी. श्रावण लागला तवापास्नं. म्हणाले, खाल्लं की मिंधं व्हावं लागतं. पेढा खाल्ला तर पेढ्याला जागाय पायजे, मग माझं मत माझं कुठलं ऱ्हातंय? पर कुणाला न्हाय म्हणून दुखवायचं न्हाय. घ्यायचं, आन ठिवायचं."

"लालासाबला ठाऊक होतं?"

"न्हाय. म्हणाले, लालाला कळलं तर त्याला वाटंल ह्यो आता पंच झाला, माझ्या हातचं चालंना. मत झालं की सांगतो त्याला, हसंल मग."

"मग कुणाला ठाऊक होतं?"

बनाबाईनं वर बघितलं. उत्तर तिच्या तोंडातून बाहेर पडायच्या आधी तिच्याच लक्षात आलं. ती गोरीमोरी झाली.

"मला," ती म्हणाली. "आन सयाजीला. चुलीपुढं जेवत होतो तवा बोलले."

संध्याकाळी फौजदारांच्या कचेरीत सगळे जमले. लालासाब बेड्यांत होता. दाढीत पांढरं, खांदे पडलेले. चाँदबी दाराशी. सयाजी बाकावर, आणि त्याच्यासमोर त्याची वहिनी. गणपतराव टेबलामागं होते. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हातात होती, आणि ती वाचल्यापासून त्यांचा आवाज खाली आला होता.

"बोला, बाई."

बायडाबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, देवळात बोलावं तसा.

"आकाराम पाटील दुधानं मेला न्हाय. दूध त्यानं खिडकीतनं ओतलं. ओघळ भिंतीवर हाय, आन ते चाटलेला बोका अजून हिंडतोय. अर्धं दूध चाँदबी प्याली, तीबी हाय."

"ओतलं?" लालासाबनं मान वर केली. "माझ्या हातचं दूध त्यानं ओतलं?"

"व्हय, लालासाब. मत टाकस्तवर परक्या हातचं खाणार न्हवता त्यो. तुझंबी न्हाय, इनामदाराचंबी न्हाय. म्हणून गाठीत सगळं अख्खं राहिलं. आता मला सांगा, साहेब. जो माणूस बाहेरचा पेढा खात न्हाय, त्याला वीख घालायचं झालं तर कशात घालावं लागंल?"

फौजदारांनी चिठ्ठी खाली ठेवली.

"घरच्या शिदोरीत. आन ते कुणाला सुचंल? व्रत ज्याला ठावं त्यालाच. पेढ्यात वीख घालणारा शंभर जणांत शोधावा लागला असता. शिदोरीत घालणारे दोघंच."

सयाजी उठला. "शिदोरी वैनीनं बांधली. मी निस्ता हमाल."

"शिदोरी तिनं बांधली. गूळ तिनं पळसाच्या पानात बांधला. दोन दिसांनी ते पान वाळलं, जसं वाळाय पायजे. चटणी मातूर कर्दळीच्या हिरव्यागार पानात. सोमवारी सकाळी गारगोटीकडं खुडलेलं पान बुधवारी आसं ऱ्हाईल? ते पान मंगळवारी सांजचं हितं कोल्हापुरात खुडलंय. डॉक्टरांनी पेला बघितला, त्यात कायबी न्हाय. मग त्या पानावरची चटणी बघितली. बचनागाचं वीख हाय. कारळ्याची चटणी काळी, उग्र. त्यात कायबी दडतं."

"म्हंजे मीच? मी भावाला—"

"तू सांगितलंस की दादा तुझ्या डोळ्यांदेखत दूध प्याला."

"प्याला!"

"तुला त्याचं व्रत ठावं होतं?"

"न्हाय!"

"सयाजी," बनाबाई पहिल्यांदाच बोलली, "तू म्हणालास, 'दादा, आता माझ्या बायकूच्या माहेरचं लाडूबी चालायचं न्हाईत व्हय?' आन ते हसले. माझ्यासमोर म्हणालास."

लालासाबनं सयाजीकडं मान वळवली.

"भावाचं व्रत ठावं असलेला माणूस," बायडाबाई म्हणाल्या, "'दूध पिताना बघितलं' आसं म्हणतो, तवा त्याला दुसऱ्याच्या गळ्यात फास घालायचा असतो. लालासाब दूध घिऊन आला ते तुला देवानं दिल्यागत वाटलं असंल. पर ते देवानं दिलेलं न्हवतं, बाबा."

सयाजी बाकावर बसला. मग एकदम बोलायला लागला.

"त्यो वकिलाला देणार होता. मला म्हणाला, इनामदारानं आजवर गावाचा पाणंद रस्ता गिळला, दिल्लीला जाऊन काय गिळंल? आवो, पाटीलकी त्याची, शेत त्याच्या नावावर, मान त्याचा, आन मी काय, म्हसरं राखायची जल्मभर? इनामदार म्हणाले, दादा नसला तर तूच पंच, तूच पाटील. मंगळवारी त्यांच्या बंगल्यावरच उतरलोतो. चटणी तिथंच—"

"बस!" फौजदार ओरडले.

कारकुनाची लेखणी थांबली.

"'वैयक्तिक हेव्यापोटी भावाला वीख घातलं.' एवढंच लिही," गणपतराव म्हणाले.

"आन पुढचं, साहेब?" बायडाबाईंनी विचारलं. "त्या बंगल्याच्या कुंपणाला कर्दळ हाय. मी रोज बघती."

"कर्दळ निम्म्या कोल्हापुरात हाय, बाई." त्यांनी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. "इनामदार आता संस्थानच्या वतीनं दिल्लीला चाललेत. माझ्या दौतीत तेवढी शाई न्हाय."

बनाबाई टेबलापाशी आली. "साहेब, मग ते मत तरी काढून टाका. वहीत माझ्या धन्याच्या घरचं म्हणून लिवलंय ते."

"दिलेलं मत परत काढता येत न्हाय, बाई. नियमच न्हाय तसा."

"मारणाऱ्यानं दिलं तरी?"

"मत देताना त्यो मारणारा ठरला न्हवता."

लालासाबच्या बेड्या काढल्या. त्यानं मनगटं चोळली नाहीत. तो बनाबाईपुढं जाऊन उभा राहिला.

"वैनी, गाडी जुंपतो. घरला सोडतो तुला."

बायडाबाई त्यांना नाक्यापर्यंत पोचवायला गेल्या. गाडीत चाँदबीनं बनाबाईला मागं टेकायला गोणपाट घालून दिलं. स्टेशनच्या वळणावर रस्ता अडला. इनामदारांची मिरवणूक होती. ताशे, लेझीम, उघडी मोटार, गळ्यात हारांचं ओझं. लोक नाचत होते. गाडी बाजूला थांबली.

गर्दीतल्या कुणी तरी, कोण कुठली गाडी न बघता, ओंजळभर गुलाल गाडीत उधळला. "घ्या, पावणं! आपला माणूस दिल्लीला चाललाय!"

तो सगळा बनाबाईच्या अंगावर पडला. कालच पुसलेल्या कपाळावर, भांगात, मांडीवर.

चाँदबी पदरानं पुसायला पुढं झाली. बनाबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "गाव येईस्तवर ऱ्हाऊ दे. बघू देत सगळी." मग लालासाबकडं वळून म्हणाली, "भावजी, गाडी हाका."

बायडाबाई रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या राहिल्या. त्या कुणाला हात जोडत होत्या, ते त्यांना त्या वेळी सांगता आलं नसतं.