आधी पोचणारा आवाज

जुन्या टेलिफोनची तार काढून टाकणार, अशी नोटीस इमारतीत लागली तेव्हा सगळ्यात जास्त चिडले ते तिचे सासरे. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरायचा. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर बोट ठेवलं की भलत्यालाच फोन लागायचा. "मला माझा रिसीव्हर हवा. हातात काहीतरी धरल्यासारखं वाटतं," ते म्हणाले आणि विषय संपला.

सून श्रवणयंत्रं बसवून देणाऱ्या दवाखान्यात नोकरीला होती. दिवसभर लोकांच्या कानात आवाज नीट बसवायचा हेच तिचं काम, त्यामुळे हेही आपसूक तिच्याच गळ्यात पडलं. इंटरनेटवरून घरचा फोन चालवून देणाऱ्या तीन कंपन्यांचे बॉक्स तिने चाचणीसाठी मागवले. राउटरशेजारी बॉक्स ठेवायचा, जुन्याच फोनची वायर त्यात खुपसायची, की झालं. आवाज फाटतो का, जुना नंबर राहतो का, आणि इकडचं बोलणं तिकडे पोचायला किती उशीर लागतो, एवढं तिला पाहायचं होतं.

पलीकडच्या टोकाला तिचा धाकटा भाऊ, दुसऱ्या गावात. तो दोन पोरांचा बाप झाला तरी ती त्याला बाळ्याच म्हणायची. उशीर ओळखायची तिची युक्ती साधी होती. तिने चमच्याने रिसीव्हरवर टक् करायचं, आणि ऐकल्याबरोबर त्याने टक् करायचं.

पहिल्या कंपनीचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. तिच्या टक्नंतर त्याची टक् इतकी रेंगाळायची की बाळ्या म्हणाला, "ताई, मधल्या वेळात मी चहा पिऊन येतो." दुसरी बरी होती, पण आपलंच बोलणं उलटून आपल्याच कानावर यायचं. तिसरा बॉक्स लावला आणि ती चकितच झाली. खरखर नाही, घरघर नाही. बाळ्या बोलण्याआधी ओठ ओले करतो, तेसुद्धा ऐकू यावं इतकं स्वच्छ.

"चल, वाजवते हं," म्हणून तिने चमचा उचलला.

टक्.

चमचा अजून हवेतच होता.

"घाई नको रे करूस. मी वाजवल्यावर वाजव."

"तू वाजवलंस तेव्हाच वाजवलं की! शप्पथ, ताई."

कुणाची तरी लाइन मध्ये घुसत असेल, असं म्हणून तिने तो विषय डोक्यातून काढून टाकला. पण आठवडाभर काहीतरी खटकत राहिलं. "हो, धाकटीचा ताप उतरला," बाळ्या मध्येच म्हणायचा, आणि मग तिच्या लक्षात यायचं की आपण हेच विचारणार होतो. एकदा तो म्हणाला, "काय फुटलं गं? पेला?" काहीच फुटलं नव्हतं. तिने फोन ठेवला, भाजी चिरायला घेतली, आणि चिरून होत आली तेव्हा सासऱ्यांच्या हातून पेला सुटला.

फरशीवरच्या काचा गोळा करताना तिला वाटलं, पहिल्यांदा ही लाइन जेमतेम एका टक्ने पुढे होती, आता भाजी चिरून होण्याइतकी.

वरच्या मजल्यावर थोरला दीर राहायचा. अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून. घर आपल्या नावावर करून द्या म्हणून तो बापाच्या मागे हात धुऊन लागला होता. मागे एकदा त्याने बापाची गचांडी धरली, तेव्हापासून दोन मजल्यांमध्ये बोलणं बंद होतं. जिन्यावर त्याची पावलं वाजली की सासरे बोलता बोलता गप्प व्हायचे.

रविवारी दुपारी नवरा कामावर होता, सासरे आतल्या खोलीत झोपले होते. फोन वाजला.

"ताई, तुझ्याकडे मारामारी चाललीय का?"

"भलतंच काय! पंख्याशिवाय कसला आवाज नाही घरात."

"कुणीतरी दारावर लाथा घालतंय." बाळ्याचा आवाज खाली आला. "काच फुटली. ताई, कुणालातरी बदडताहेत. धपाधप वाजतंय. तुझे सासरे ओरडताहेत, 'हात सोड, हात सोड माझा!' आणि तू… तू रडतेयस. 'मरेल, मरेल' म्हणतेयस."

विश्वास ठेवायचा की नाही, यावर तिने वेळ घालवला नाही. रिसीव्हर तसाच टेबलावर टाकून तिने सासऱ्यांच्या खोलीला बाहेरून कडी घातली. नवऱ्याच्या मोबाइलवर रिंग गेली, त्याने उचलला नाही. तिने हत्यारांच्या पेटीतून जड पाना काढला आणि पुढच्या खोलीत उभी राहिली.

वर दार आपटलं. जिन्यावर पावलं वाजली.

पहिल्या लाथेला चौकट हादरली, दुसरीला दाराची काच खळ्कन खाली आली. त्या भोकातून आत आलेला हात कोपरापर्यंत कापला गेला होता, तरी कडी चाचपत होता.

"कुठाय म्हातारा?" दीर आत आला. "आज सही घेतल्याशिवाय जात नाही."

"भाऊजी, परत जा. बाबा घरात नाहीत."

त्याने तिच्या केसांना धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तिने पाना घातला, तो त्याच्या खांद्यावर बसला. त्याने तो हिसकून फेकून दिला आणि दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. त्याच्या कापलेल्या हाताचं गरम रक्त तिच्या छातीवर ओघळत होतं. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले.

आतल्या दाराची कडी लाकडासकट उखडली.

सासरे बाहेर आले. हातात काठी होती. ती त्यांनी टेकली नव्हती.

पहिला घाव जबड्यावर बसला. ओलं पोतं आपटावं तसा आवाज झाला. दीर गुडघ्यांवर आला. दुसरा तोंडावर. फरशीवर दात घरंगळले.

"बाबा, बास!"

ते थांबले नाहीत. एक डोळा फुटला तरी थांबले नाहीत. लेक पालथा पडून, डोकं हातांनी झाकून विव्हळत होता. बोटं मोडण्याचा आवाज येत होता.

उजवा हात. एकदाही थरथरला नाही.

ती त्या हाताला लोंबकळली.

"हात सोड," सासरे ओरडले. "हात सोड माझा!"

"मरेल हो बाबा! मरेल!"

म्हणता म्हणता तिने मागे वळून पाहिलं. टेबलावर रिसीव्हर तसाच पडला होता.

दीर मेला नाही. जबडा तारांनी बांधला, डोळा काढावा लागला. सासऱ्यांना पोलिसांनी नेलं आणि वय पाहून दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. ते येऊन खुर्चीत बसले, आणि त्यांचा हात पुन्हा पहिल्यासारखा थरथरू लागला. तिच्या गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते. आतून इतकं सुजलं होतं की आवाज फुटत नव्हता. काही दिवस बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तो बॉक्स आधी काढून टाक," नवरा म्हणाला. ती राउटरपाशी वाकली, तेवढ्यात फोन वाजला. सवयीने तिने उचलला.

"वन्सं, मी बोलतेय." भावजय होती, बाळ्याची बायको. आवाज रडून रडून बसलेला. "हे गेल्यापासून फोनला हात लावायचं धाडस होत नव्हतं माझं. पण पोलीस पुन्हा पुन्हा विचारताहेत, म्हणून…"

तिने दुसऱ्या हाताने मोबाइल उचलला. बाळ्याचा नंबर दाबला. पहिल्याच रिंगला त्याने घेतला.

"बोल ताई! नाही, नाही, तू बोलू नकोस. मीच बोलतो." अगदी खुशीत होता. "पोरांना घेऊन ही बाहेर गेलीय, मी एकटाच आहे. गळा कसाय? बरा असेल तर टक् कर."

ती मोबाइलवर नखाने वाजवत सुटली. टक् टक् टक् टक्.

"अरे वा! मग काळजी नाही."

रिसीव्हरमधून भावजय हळूच म्हणाली, "शेवटचं ते तुमच्याशीच बोलत होते ना हो, वन्सं? मोबाइलवर?"

तिने तोंड उघडलं. नुसता वारा बाहेर आला.

"एक मिनिट हं, ताई," बाळ्या म्हणाला. "दार वाजतंय."