हणमंतचा नंबर आणि एक कमी आकडा

"हा फोन नंबर नाही," बंडू म्हणाला.

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो माणूस असता तर दोन पावलं मागे सरला असता. बंडू म्हणजे आमचा घरचा रोबो. आम्ही तेव्हा फिनलंडमधल्या ओउलू शहरात राहत होतो. मी अकरा वर्षांची होते आणि साल होतं २०४९.

"परत बघ."

"तीनदा बघितलं, अप्पा. नंबर अवैध आहे."

मला हसू आवरेना. बंडूच्या डोक्यातली नंबर ओळखणारी लायब्ररी (कुठल्याही यंत्रात बसवता येणारा तयार आज्ञावल्यांचा संच) अप्पांनीच तर लिहिली होती! माझ्या आजोबांनी, म्हणजे रमाकांत शेडग्यांनी, आयुष्याची बावीस वर्षं यंत्रांना जगभरचे फोन नंबर समजावण्यात घालवली होती. मला ते काम भयंकर कंटाळवाणं वाटायचं आणि मी तसं त्यांना तोंडावर सांगायचेही.

पण त्या दुपारी अप्पा हसले नाहीत. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तोवर जगात नंबर लावून बोलण्याची पद्धत मागे पडली होती, लोक नुसतं नाव घेऊन एकमेकांना बोलवत. काही जुन्या गावांतल्या जुन्या फोनांसाठी एक मार्ग अजून चालू होता, आणि तो त्या दिवशी चार वाजता कायमचा बंद होणार होता. अप्पांच्या मांडीवर एक पिवळी पडलेली डायरी होती. त्यात लिहिलं होतं, 'हणमंत लोहार', पुढे नंबर आणि कंसात 'पी.पी.'

"हे कोण?"

"माझा मित्र. पळसवाडीचा. नावाने शोधला, सापडला नाही. तो नव्या जाळ्यात आलेलाच नसणार, हट्टी आहे." मग हळूच म्हणाले, "आज नाही लागला तर राहिलंच."

मी त्यांच्या शेजारी बसले. "बंडू अडकला तर आपण हाताने करू. तुम्ही यंत्राला कसं शिकवलंत ते मला सांगा."

अप्पांनी कागद ओढला. "पहिलं काम निवडण्याचं, तांदूळ निवडतात तसं. कुणी नंबराच्या मध्ये रेघ मारतं, कुणी कंस घालतं, कुणी जागा सोडतं. यंत्राला फक्त आकडे हवेत. बाकीचे खडे बाजूला काढ."

मी रेघ गाळली, कंस गाळला. "आणि हे पी.पी.?"

"तेही काढ. आता आपण भारताबाहेर आहोत, म्हणून सुरुवातीला कंट्री कोड (देशाचा क्रमांक) हवा."

"एक्क्याण्णव."

"शाब्बास. त्यानंतर गावाचा कोड. तो इथे शून्याने सुरू होतो. ते शून्य म्हणजे 'मला माझ्या गावाबाहेर बोलायचंय' अशी आपल्याच देशातल्या एक्सचेंजला (फोन जोडून देणाऱ्या केंद्राला) केलेली खूण. परदेशातून फोन करताना तिची गरज नसते. उडव ते शून्य. इटलीत मात्र ते ठेवावं लागतं. त्या एका शून्यापायी मी आठवडाभर डोकं धरून बसलो होतो."

मी शून्य खोडलं.

"आता उरलेले आकडे मोज. प्रत्येक देशाचा हिशोब वेगळा. सिंगापूरला आठ चालतात, भारतात देशाचा क्रमांक सोडून दहा लागतात. या तपासणीला म्हणतात वैधता पडताळणी (नंबराचा साचा त्या देशाच्या नियमात बसतो का, हे बघणं)."

मी मोजले. पुन्हा मोजले. "नऊच आहेत."

"म्हणजे बंडू खरं बोलतोय," अप्पा म्हणाले आणि डायरी मिटायला लागले.

मी ती त्यांच्या हातातून घेतली. मला हार मानायला आवडत नाही, हा गुण आईच्या मते अप्पांचाच. मी पानं उलटत गेले. मावशीआजी, डॉक्टर, गॅसवाले. प्रत्येक नंबराच्या आधी हिरव्या शाईत छोटासा दोनचा आकडा लिहिलेला होता. मूळ नंबर निळ्या शाईत आणि दोन तेवढा हिरवा.

"अप्पा, हे दोन कसले?"

"एके वर्षी गावोगावच्या फोन नंबरांआधी दोनचा आकडा लागला. मी बसून सगळी डायरी दुरुस्त केली होती."

"मग यांच्या नंबराआधी का नाही लिहिलात?"



"तेव्हा आमचं बोलणं बंद होतं," अप्पा म्हणाले. "आम्ही दोघं मिळून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढणार होतो. पाटीसुद्धा रंगवली होती. मला नोकरीचं पत्र आलं आणि मी त्याला न सांगता पुण्याला निघून गेलो. नंतर फोन केला तर त्याने ठेवून दिला. मग मलाच राग आला. आहे की नाही गंमत? लायब्ररी लिहितानासुद्धा जुने, लहान नंबर मीच काढून टाकायला लावले. म्हटलं, असले आता कोण वापरतंय."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी कागदावर गावाच्या कोडनंतर दोन लिहिला. दहा आकडे झाले. बंडूपुढे कागद धरला.

"नंबर वैध आहे," बंडू म्हणाला.

"म्हणजे हणमंतआजोबा फोन उचलतील?"

"नाही गं," अप्पा म्हणाले. "वैध म्हणजे असा नंबर असू शकतो, एवढंच. तो चालू आहे का, पलीकडे कोण आहे, त्याला आपल्याशी बोलायचंय का, हे कुठल्याच लायब्ररीला कळत नाही."

चाराला अकरा मिनिटं कमी होती आणि अप्पांचा हात काही पुढे होईना.

"बंडू, लाव," मीच म्हणाले.

सात वेळा घंटी वाजली. मग एका मुलीचा आवाज आला, "तांबोळी किराणा. कोण बोलतंय?"

अप्पांचा चेहरा बदलला. "पी.पी. म्हणजे शेजारचा फोन," ते मला कुजबुजत म्हणाले. "घरोघरी फोन नव्हते. शेजाऱ्यांकडे यायचा आणि ते हाक मारायचे." मग मोठ्याने म्हणाले, "हणमंत लोहार आहेत का हो?"

"आहेत की. थांबा हां, बोलावते."

आणि साडेसहा हजार किलोमीटरवरून आम्हाला तिची हाक ऐकू आली, "हणमंतआजोबा, फोन आलाय तुमचा!"

मग कुत्र्याचं भुंकणं, मग चपला फरफटत येणारी पावलं.

"कोन?"

"मी रमाकांत."



"शेडग्याचा रम्या? जित्ता हायेस व्हय रं?"

"आहे. हणमा, तुला न सांगता गेलो. चुकलं माझं."

"लई वर्सं लागली तुला हे म्हणायला." "गुडघं धरल्यात माझं, उभं राहवत न्हाई. उद्या बोल सगळं."

"उद्या ही लाइन नसेल रे. तीन मिनिटांत बंद होतेय."

तेवढ्यात मुलगी मध्येच बोलली, "त्यात काय एवढं? माझं नाव घेऊन बोलवा. अफरीन तांबोळी, पळसवाडी. मी हाक मारत जाईन."

मी ते नाव बंडूला टिपून घ्यायला सांगितलं. उरलेली तीन मिनिटं ते दोघे कुणाकुणाच्या गुडघ्यांबद्दलच बोलले आणि चार वाजता आवाज गेला.

मी आता मोठी झाले आहे. चंद्रावरच्या वस्त्यांसाठी संपर्काचे पत्ते ओळखणारी लायब्ररी आम्ही काही जण मिळून लिहितो आहोत. जुना साचा कितीही मागे पडला तरी त्यातून काढायचा नाही, हा आमचा पहिला नियम. तो मी लिहिला आहे. उद्या मंगळाचे पत्ते आले तरी तो राहील.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अफरीनला बोलावलं होतं. तिला हाक मारावीच लागली नाही. हणमंतआजोबा तासभर आधीपासून दुकानात येऊन बसले होते.